घरातला माठ आणि शाळेतला माठ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकाने ‘प्राथमिक शाळेतील विज्ञान-शिक्षण’ या विषयावर केलेले भाषण.)



प्रथम ज्यांच्या नावाने आपल्या प्रत्येक कार्याचा आरंभ होतो त्या संतश्रेष्ठ गोरोबाकाकांना वंदन करून मी माझ्या चार शब्दांना सुरुवात करतो.

मंडळाने आजच्या भाषणासाठी माझी निवड केली, यात माझ्या योग्यतेपेक्षा मंडळाच्या स्नेहाचा भाग अधिक आहे हे मी जाणून आहे. मी कोणी शास्त्रज्ञ नव्हे, प्राध्यापक नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत व त्यानंतर शिक्षकी पदविका एवढेच. मात्र १९७७ सालापासून २०१५ सालापर्यंत अडतीस वर्षे मी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीची मुले शिकविली. त्या अडतीस वर्षांत मुलांना मी काय शिकविले याचा हिशेब फार मोठा होणार नाही. पण मुलांनी मला काय शिकविले हे सांगू लागलो तर आजची सभा पुरणार नाही. त्यातील एकच गोष्ट आज आपल्यापुढे ठेवावी असे योजून आलो आहे. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे. आजवर ती मी चारचौघांत सांगितली नाही. परंतु जिच्यामुळे दुसऱ्याचे मूल वाचेल अशी चूक झाकून ठेवणे योग्य नव्हे, असे या वयात वाटू लागले आहे.

माझा जन्म सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात कुंभाराच्या घरी झाला. वडील चाकावर बसत, आई माती मळी, आणि आम्ही भावंडे लीद गोळा करणे, राख चाळणे, आव्यासाठी काटक्या-गोवऱ्या आणणे ही कामे करीत असू. शाळेत जाताना हात कितीही धुतले तरी नखांत माती राहावयाची, आणि वर्गातील मुले त्यावरून चिडवीत. ती चेष्टा मनाला इतकी लागली की, पुढे शिक्षक होऊन परगावी नेमणूक झाली तेव्हा ‘येथे आपले घर कोणाला ठाऊक नाही’ या विचाराने मला सुटल्यासारखे वाटले. ज्या मातीने मला मॅट्रिकपर्यंत पोसले तिची मला लाज वाटत होती. आता ज्या प्रसंगाविषयी सांगावयाचे आहे त्याचे मूळ या लाजेत आहे, म्हणून ती आधी कबूल केली.

गोष्ट १९८४ सालची. चौथीच्या वर्गाला मी विज्ञानाचा पाठ देत होतो. त्या काळी माझी पद्धत अशी की, पाठ एकदा मोठ्याने वाचावयाचा, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून द्यावयाची आणि मुलांकडून ती घोकून घ्यावयाची. मी फळ्यावर लिहिले, ‘मातीच्या माठातील पाणी नेहमी थंड असते.’ मागच्या रांगेतील एक मुलगा उभा राहिला. तो आपल्याच ज्ञातीचा होता. तो म्हणाला, “गुरुजी, नेहमी नाही होत गार. पावसाळ्यात नाही होत. आणि जुन्या माठात तर उन्हाळ्यातपण नाही होत.”

मी त्याला म्हणालो, “फळ्यावर आहे तेवढे लिही. जास्त शहाणपण नको.” वर्ग हसला. वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आला. मुलाने आपले उत्तर बदलले नाही. ‘माठातील पाणी उन्हाळ्यात थंड होते, पावसाळ्यात होत नाही,’ असे त्याने वळणदार अक्षरात लिहिले होते. मी त्यावर तांबडी फुली मारली.

मे महिन्यात नवा माठ घ्यावा म्हणून मी त्याच मुलाच्या घरी गेलो. त्याचे वडील माझ्याहून वयाने वडील, निरक्षर. पण हाताचे मोठे कसबी. माठ वाजवून देता देता ते सहज म्हणाले, “मास्तर, पावसाळ्यात पाणी गार नाही झालं तर माठाला दोष देऊ नका. हवाच ओली, तर माठानं घाम गाळावा कुठं? आणि तीन-चार वर्षांनी नवा घ्या. तुमच्याकडचं पाणी जड, त्यानं माठाची भोकं बुजतात.”

बंधु-भगिनींनो, तो माठ हातात घेऊन मी जागच्या जागी उभा राहिलो. हे सारे मला ठाऊक होते! माझे वडीलही गिऱ्हाइकांना हेच सांगत. मातीत लीद का मिसळावयाची, ती आव्यात जळून गेल्यावर मातीत बारीक छिद्रे कशी राहतात, हे मी सातव्या-आठव्या वर्षी पाहिले होते. पण फळ्यासमोर उभा राहिलो की मी कुंभाराचा मुलगा राहत नसे. मी केवळ गुरुजी होत असे, आणि गुरुजीच्या शास्त्रात घरच्या माठाला जागा नव्हती.

माझी खरी चूक याच्यापुढची आहे. उत्तर बरोबर होते हे कळल्यावरही मी त्या मुलाला तसे सांगितले नाही. शिक्षकाचा अहंकार आड आला. पुढे तो पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत गेला आणि सातवीनंतर त्याचे शिक्षण थांबले. माझ्या एका फुलीमुळे ते थांबले असे मी म्हणणार नाही. गरिबीची कारणे पुष्कळ होती. परंतु ते थांबू नये म्हणून मी काही केले, असेही मला म्हणता येत नाही.

बावीस वर्षांनी, २००६ साली, एका आठवडे-बाजारात तो मला भेटला. पुढ्यात माठ मांडून बसला होता. मी त्याला सांगितले, “बाबा रे, तुझे ते चौथीतले उत्तर बरोबर होते. चूक माझी होती.” तो बत्तीस वर्षांचा बाप्या लाजून हसला आणि म्हणाला, “जाऊ द्या गुरुजी. मला तेव्हा वाटलं, शाळेतला माठ वेगळा असंल.”

‘शाळेतला माठ वेगळा असेल!’ प्राथमिक शाळेतील विज्ञान-शिक्षणाचे सारे दुखणे या एका वाक्यात आहे. मूल घरी जे डोळ्यांनी पाहते, हातांनी करते, ते एक जग. आणि शाळेच्या पुस्तकात लिहिलेले ते दुसरे जग. या दोहोंचा संबंध नाही अशी एकदा मुलाची समजूत झाली की, ते पुस्तक पाठ करते पण त्यावर विश्वास ठेवीत नाही. आणि घरचे पाहते पण त्याला ज्ञान म्हणत नाही. दोन्हीकडून मुलाचे नुकसान होते.

माठ घेऊन आलो त्या दिवसापासून मी स्वतःला थोडे बदलण्याचा प्रयत्न केला. पुढल्या उन्हाळ्यात माठाचा पाठ आला तेव्हा फळ्यावर काही लिहिले नाही. वर्गात तीन भांडी मांडली : एक नवा कोरा माठ, दुसरा तसाच माठ पण बाहेरून तेलरंगाचे दोन हात दिलेला, आणि तिसरी पितळेची कळशी. तिन्हींत एकाच हौदाचे पाणी सारख्या मापाने भरले. मुलांना एवढेच विचारले की, ‘दुपारी कोणते पाणी सर्वांत गार असेल, आणि का?’

पहिल्या दिवशी माझीच फजिती झाली. उष्णता मोजावी म्हणून ताप मोजण्याचे थर्मामीटर आणले, तर त्यातील पारा हलेना. ते यंत्र केवळ माणसाच्या तापासाठी केलेले, ३५ अंशांच्या वरच मोजणारे. माठातील पाणी त्याच्या मोजपट्टीच्या कितीतरी खाली. मुले हसली, मीही हसलो. गुरुजींनाही सर्व काही ठाऊक नसते हे त्या दिवशी मुलांना कळले आणि विशेष म्हणजे त्याने माझा मान कमी झाला नाही. दुसऱ्या दिवशी हायस्कुलातून प्रयोगाचे थर्मामीटर मागून आणले.

दुपारी चार वाजता पाहिले तो कोऱ्या माठातील पाणी कळशीतल्या पाण्याहून पाच-सहा अंशांनी उतरलेले; रंगविलेल्या माठाचे पाणी मात्र जवळजवळ कळशीसारखेच. एका मुलीने लगेच हरकत घेतली, “गुरुजी, कळशी खिडकीपाशी होती, तिच्यावर उन्हाची तिरीप येत होती. हे बरोबर नाही.” आठ-नऊ वर्षांची ती पोर! जी गोष्ट तपासावयाची तेवढीच बदलावी, बाकी सर्व सारखे ठेवावे, हे प्रयोगशास्त्राचे तत्त्व तिने आपल्या न्यायबुद्धीने हुडकले होते. दुसऱ्या दिवशी सर्व भांडी कोपऱ्यात, सावलीत ठेवून पुन्हा केले. निकाल तोच आला. पण आता तो मुलांचा स्वतःचा निकाल होता.

मग प्रश्न निघाला की, माठातले पाणी कमी झाले ते गेले कोठे? एक म्हणाला, “माठ पाणी पितो.” दुसरा म्हणाला, “गळतं खालून.” मी कोणालाच चूक म्हटले नाही; ‘तपासावयाचे कसे ते तुम्हीच सांगा,’ एवढेच म्हणालो. गळते म्हणणाऱ्याने माठाखाली थाळी ठेवली. दुकानदाराचा मोठा तराजू मागून आणला आणि आधीच एक दिवस भिजवून ठेवलेला माठ पाण्यासह सकाळी तोलला व संध्याकाळी पुन्हा तोलला. थाळीत थोडी ओल होती, परंतु वजन त्याहून पुष्कळ घटले होते. तेव्हा माठ पाणी पितो म्हणणारा मुलगाच उठून म्हणाला, “गुरुजी, पिऊन पोटात ठेवलं असतं तर वजन तेवढंच राहिलं असतं. पाणी हवेत गेलं!” माझ्या नोकरीच्या काळात मला अनेक प्रमाणपत्रे मिळाली, त्या वाक्याची सर एकालाही नाही.

मोठ्या माणसांसाठी यातील हिशेब सांगून ठेवतो. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. हवेच्या नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते, आणि ही उष्णता माठातील उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने निवण्यास एकच कॅलरी काढून घ्यावी लागते. म्हणजे अर्ध्या पेल्याएवढे, १०० ग्रॅम, पाणी माठाच्या अंगावरून उडाले, तर तेवढ्याने १० लिटर पाणी साडेपाच अंशांहून अधिक निवू शकते. प्रत्यक्षात बाहेरच्या हवेची उष्णता सारखी आत येत राहते, म्हणून अधिक पाणी उडावे लागते. पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्यामुळे पाणी फारसे उडत नाही. जुन्या माठाच्या छिद्रांत जड पाण्यातील क्षार बसतात, म्हणून तो निकामी होतो. आणि हल्ली बाजारात तकतकीत रंग दिलेले जे माठ मिळतात ते शोभेला चांगले, पण तहानेला नव्हेत, हेही यावरून उमजेल. त्या निरक्षर कुंभाराने दोन वाक्यांत सांगितले ते हेच. त्याची भाषा घामाची व भोकांची होती, पुस्तकाची भाषा बाष्पीभवनाची व सच्छिद्रतेची, शास्त्र एकच.

आता कोणी म्हणेल की, मास्तर, हा कुंभाराच्या घरचा प्रयोग झाला. बाकीच्यांनी काय करावे? आणि आपल्यापैकीही किती घरांत आज चाक उरले आहे? प्रश्न रास्त आहे. परंतु चूल ज्या घरात आहे त्या घरात प्रयोगशाळा आहे. माझ्या भगिनींना ठाऊक आहे की, हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो डाग लाल होतो, आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. साबण व चुना एका गुणाचे, लिंबू व चिंच दुसऱ्या गुणाचे, आणि हळद त्या दोहोंतील भेद रंगाने सांगते. हळद व चुना यांपासून कुंकू करीत, त्याचे रहस्य हेच. कागदाच्या पट्ट्यांना हळदीचे पाणी लावून त्या वाळवाव्यात आणि मुलींच्या हाती द्याव्यात. मग दही, ताक, राखेचे पाणी, खाण्याचा सोडा यांत एकेक पट्टी बुडवून काय होते ते त्यांनी वहीत लिहावे. सारा खर्च चिमूटभर हळदीचा! आणि जिने हा खेळ स्वतःच्या हाताने केला, तिला चुन्याच्या पाण्याचे ‘रक्त’ करून दाखविणारा कोणी भोंदू कधी फसवू शकणार नाही.

यावरून एक आठवण सांगतो. २१ सप्टेंबर १९९५ या दिवशी गणपतीची मूर्ती दूध पिते म्हणून देशभर गर्दी झाली, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच विषय. मी देवाविषयी एक शब्द बोललो नाही. श्रद्धा हा ज्याच्या त्याच्या घरचा विषय आहे. परंतु एका मुलाने दप्तरातून बेंदराचा मातीचा बैल काढला आणि चमचा त्याच्या तोंडाला लावला. बैलही पाणी प्यायला! मग मुलांनी पाण्यात शाई घातली, तो निळा ओघळ बैलाच्या गळ्यावरून पायांपर्यंत आलेला स्पष्ट दिसला. काही पाणी कोरड्या भाजलेल्या मातीने शोषलेही. पाण्याच्या पृष्ठावरील ताणामुळे ते चमच्याच्या कडेवरून ओढले जाते व अंगावरून ओघळते, हे मी नंतर सांगितले. आधी सांगितले असते तर ते माझे मत ठरले असते. नंतर सांगितले म्हणून ते त्यांनी पाहिलेल्याचे नाव ठरले. आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधकबुद्धी यांचा विकास करणे हेही एक आहे. त्या कर्तव्याचा पहिला पाठ मुलाच्या बैलाने दिला!

हा विचार माझ्या एकट्याचा नव्हे. मायकेल फॅरडे हा विजेच्या शास्त्रातील थोर संशोधक लोहाराचा मुलगा, स्वतः लहानपणी पुस्तकबांधणीचे काम शिकलेला. १८६०-६१ च्या नाताळात त्याने लंडनमध्ये मुलांपुढे सहा व्याख्याने दिली, आणि विषय कोणता, तर मेणबत्ती! आपल्याकडे १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्माजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच त्यांची साधने होती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत प्रत्येक मुलाला विज्ञान शिकविले जावे अशी शिफारस केली. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून ‘करून शिका’ पद्धतीचा विज्ञान-शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. तो वरच्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी होता, आणि तीस वर्षे चालून २००२ साली सरकारने बंद केला. पण त्याने घडविलेली माणसे विझली नाहीत. तेथे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हाॅल्व्हची नळी यांपासून भूमितीच्या आकृत्या करावयास शिकविले, आणि पुढे पुण्यात आयुकातील मुलांच्या विज्ञानकेंद्रात टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी घडविली. २०१८ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

साधने नाहीत म्हणून विज्ञान शिकविता येत नाही, ही तक्रार मीही अनेक वर्षे केली. १९८७ साली ‘खडू-फळा’ योजना सुरू झाली आणि पुढे आमच्या शाळेतही एक विज्ञानपेटी आली. भिंगे, चुंबक, परीक्षानळ्या, सर्व काही तीत होते. परंतु वस्तू फुटली तर भरपाई शिक्षकाकडून, अशी सर्वांना धास्ती. मी पेटी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातले आणि दरवर्षी दप्तर तपासणीच्या दिवशी ती पुसून दाखविली. ज्या वर्षी धीर करून ती मुलांच्या हाती दिली, त्या वर्षी दोन नळ्या फुटल्या. त्यांचे पैसे मी भरले, आणि आयुष्यात केलेल्या खर्चांत तो मला सर्वांत सत्कारणी लागलेला वाटतो. तात्पर्य, साधनापेक्षा कुलूप उघडण्याची इच्छा हवी; आणि पेटी नसेल तेथे माठ आहेच.

आता पालकांना चार गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली ही की, मुलाने ‘का?’ विचारले तर त्याला गप्प बसवू नका, आणि उत्तर देण्याचीही घाई करू नका. ‘तुला काय वाटते?’ आणि ‘ते पाहावयाचे कसे?’ हे दोन प्रश्न त्याला परत द्या. मुलाचे कुतूहल रोपासारखे असते. उपटणे क्षणाचे काम, वाढविणे वर्षांचे.

दुसरी, ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्यात कमीपणा मानू नका. बापाने ‘ठाऊक नाही, चल, मिळून पाहू’ म्हटले, तर मुलाच्या मनात बाप लहान होत नाही. ज्ञान मोठे होते. चुकीचे उत्तर ठामपणे देणारा मात्र एक ना एक दिवस उघडा पडतो. मी पडलो आहे.

तिसरी, मुलाला एक चाळीस पानी वही द्या आणि दररोज पाहिलेली एक गोष्ट तीत लिहू द्या. चंद्र आज किती दिसला, मुंग्या अंडी घेऊन कोठे चालल्या, दाराच्या उंबऱ्याची सावली दुपारी किती टिचभर उरली, काहीही चालेल. शुद्धलेखनाच्या चुका त्या वहीत काढू नका. अग्नी, वीज व औषधे यांच्याशी मात्र मोठ्यांच्या देखरेखीवाचून खेळू देऊ नका, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

चौथी गोष्ट मुलींविषयी. प्रश्न विचारण्याचा अधिकार मुलाला, आणि मुलीला ‘कामाला लाग’, असा भेद आपल्या घरांत अजून राहिला आहे. वर सांगितलेली उन्हाची तिरीप एका मुलीने पकडली होती, एवढे ध्यानात ठेवा.

आता मंडळाला एक विनंती. आज आपण ज्या मुलांचा सत्कार केला त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. त्यांचे गुण त्यांच्या कष्टांचे आहेत. परंतु गुणपत्रिकेत न मावणारे शहाणपणही असते, हे त्या चौथीतल्या मुलाने मला शिकविले. म्हणून पुढील वर्षीच्या संमेलनात पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक लांब टेबल मांडावे. मुलांनी घरी करून पाहिलेला एकेक प्रयोग त्यावर ठेवावा. क्रमांक लावू नयेत. पाहुण्यांनी प्रत्येक मुलाला दोनच प्रश्न विचारावेत : ‘तू काय पाहिलेस?’ आणि ‘ते खरे कशावरून?’ त्याच मांडवात आपल्या ज्ञातीतील एखाद्या वृद्ध कारागिराला सन्मानाने बोलवावे व त्याचे चाक मांडावे. दांड्याने एकदा फिरविलेले जड चाक इतका वेळ का फिरत राहते, मोकळी हवा मिळालेला माठ लाल आणि धूर कोंडलेल्या आव्यातला माठ काळा का होतो, हे त्या आजोबांनी हातांनी दाखवावे आणि शिकलेल्या तरुणांनी शास्त्राच्या शब्दांत सांगावे. मुलांनी दोन्ही ऐकावे. मुलाने पुढे कोणता व्यवसाय करावा हा त्याचा प्रश्न. त्याने चाकावरच बसावे असा माझा आग्रह मुळीच नाही. पण नखांत माती असल्याची लाज माझ्यासारखी आणखी एका मुलाच्याही वाट्याला येऊ नये, एवढीच इच्छा आहे. हा खर्च मंडळाला जड वाटल्यास पहिल्या वर्षीचा मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. कार्यवाहांनी ते मान्य करावे.

शेवटी गोरोबाकाकांचीच आठवण करून थांबतो. संतांच्या मेळ्यात कोणते मडके पक्के व कोणते कच्चे हे सांगा असा आग्रह झाला, तेव्हा काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर हलकेच मारून पाहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कथेचा आध्यात्मिक अर्थ थोरांनी सांगितलेला आहे; माझ्यासारख्या प्राथमिक शिक्षकाला तीत एक साधा अर्थ दिसतो. कोणाच्या नावावरून, मोठेपणावरून किंवा सांगण्यावरून मडके पक्के म्हणावयाचे नाही. ते वाजवून पाहावयाचे. ही आपल्या घराण्याची रीत आहे. पुस्तकातले वाक्य असो, गुरुजींचा शब्द असो, मुलांनी तो आदराने ऐकावा आणि मग वाजवून पाहावा.

आणि एखाद्या मुलाने तसे वाजवून पाहिले, तर माझ्या हातून झाली तशी तांबडी फुली त्याच्या वहीवर कोणी मारू नये.